ज्याचे त्याचे मत

रविवारच्या मिस्साबलिदानात धर्मगुरूंचे प्रवचन संपले की सारी मंडळी उभी राहतात आणि विश्वासांगीकार म्हणतात. लहानपणापासून तो इतका तोंडपाठ झालेला असतो की ओठ आपले काम बिनचूक करीत राहतात आणि मन मात्र घरच्या चुलीपाशी नाहीतर दुपारच्या साखरपुड्यापाशी जाऊन पोहोचते. पुढे मिस्सा संपते, मंडळी चर्चच्या आवारात रेंगाळतात आणि गप्पांना रंग चढतो. येत्या निवडणुकीत कोणाला निवडून द्यावे, सणाच्या खर्चाला कात्री लावावी की नाही, नव्या फादरांचे प्रवचन जरा लांबतेच की काय, वडिलोपार्जित जमीन बिल्डरला द्यावी की राखावी, या सर्व विषयांवर प्रत्येकाचे ठाम मत असते. अर्ध्या तासापूर्वी ज्या तोंडाने ‘मी विश्वास धरतो’ म्हटले, त्याच तोंडाने आता ‘माझे असे मत आहे’ म्हटले जाते. दोन्ही वाक्यांचा कर्ता ‘मी’च. मग या दोन वाक्यांत अंतर ते कोणते, हा प्रश्न आम्हांस बरेच दिवस छळीत आहे. आणि हा केवळ शब्दांचा कीस काढण्याचा प्रकार नव्हे असे आम्हांला वाटते.

आजच्या जगात श्रद्धेलाही मताच्या पंक्तीला बसविण्याची रीत पडली आहे. कोणी बिनसाखरेचा चहा घेतो, कोणी दुधाचा घेतो. तसाच कोणी देव मानतो, कोणी मानत नाही. ज्याचे त्याचे मत, त्यात वाद कसला, असे सुशिक्षित माणसे समजूतदारपणे सांगतात. या विचाराविरुद्ध आपल्याकडे पुष्कळ उपदेश होतात आणि ते योग्यच आहे. परंतु याच्या नेमकी उलट अशी दुसरी एक सवय आहे, ती आपल्याच घरात वाढते आणि तिच्याविषयी क्वचितच कोणी बोलते. ही सवय म्हणजे आपल्या मतालाच श्रद्धेचा शेला पांघरणे. आपली राजकीय आवडनिवड, आपल्या घराण्याचा मोठेपणा, शेजाऱ्याविषयीची जुनी अढी, सून कशी असावी यासंबंधीच्या कल्पना या सगळ्यांना आपण नकळत देवाच्या इच्छेचे नाव देतो आणि मग त्यांच्याविषयी कोणी शंका काढली की जणू प्रभूचाच अवमान झाला असे मानून रागावतो. पहिल्या सवयीत श्रद्धा स्वस्त होते. दुसऱ्या सवयीत मत नको इतके महाग होते. भाविक कुटुंबांना पहिलीपेक्षा दुसरीचाच धोका अधिक, असे आमचे निरीक्षण आहे.

कार्डिनल जॉन हेन्री न्यूमन यांनी १८७० साली मानवी मनाच्या संमतीविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी केलेला एक भेद येथे फार उपयोगी पडतो. एखाद्या कल्पनेला दिलेली संमती वेगळी आणि प्रत्यक्ष वस्तूला दिलेली संमती वेगळी, असे ते म्हणतात. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर, मनुष्य मर्त्य आहे हे विधान शाळकरी पोरही मान्य करते. पण बापाची शवपेटी खांद्यावर घेऊन दफनभूमीच्या वाटेने चालणारा मुलगा तेच विधान निराळ्याच रीतीने मान्य करीत असतो. विधान तेच, संमती निराळी. पहिली संमती डोक्यात राहते. दुसरी मात्र गुडघ्यांत, हातांत, रात्रीच्या झोपेत उतरते. न्यूमन हे लिहीत होते ते अनुभवाच्या बळावर. १८४५ साली त्यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला तेव्हा ऑक्सफर्डमधले मानाचे स्थान आणि आयुष्यभराचे स्नेही त्यांना दुरावले होते.

येथे वाचक विचारतील की, म्हणजे मनात शंका नसणे हीच श्रद्धेची खूण म्हणायची काय? तसे मुळीच नाही. लिझ्यूच्या संत तेरेजा १८९६ च्या ईस्टरपासून ३० सप्टेंबर १८९७ रोजी देहावसान होईपर्यंत अशा अंधारात होत्या की स्वर्ग आहे की नाही याचीही खात्री त्यांच्या मनाला लाभत नव्हती. त्या काळात त्यांनी विश्वासांगीकार स्वतःच्या रक्ताने लिहून काढला आणि तो हृदयाशी बाळगला. मदर तेरेसा यांची खाजगी पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा त्याही अनेक दशके अशाच कोरडेपणातून गेल्या होत्या हे जगाला कळले. उलट, मते बाळगणाऱ्या माणसाला बहुधा शंकेचा त्रास होत नाही. चर्चच्या आवारातल्या गप्पा आठवून पाहा: जितका विषय दूरचा, तितका बोलणाऱ्याचा आवाज चढा. तेव्हा खात्रीचा जोर हे काही माप नव्हे. माप दुसरीकडेच शोधले पाहिजे, आणि ते शोधताना तात्त्विक चर्चेपेक्षा एका शेतकऱ्याचे चरित्र आम्हांला अधिक उपकारक वाटते.

ऑस्ट्रियाच्या उत्तर भागात, जर्मनीच्या सरहद्दीला लागून, सांक्ट राडेगुंड नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथे २० मे १९०७ रोजी फ्रान्झ येगरश्टेटर यांचा जन्म झाला. आईवडील इतके गरीब की त्यांना लग्न करणेही परवडले नव्हते. वडील पहिल्या महायुद्धात कामी आले आणि पुढे आईने ज्या शेतकऱ्याशी विवाह केला, त्याने या मुलाला आपले नाव दिले. तरुणपणी फ्रान्झ काही संत नव्हते. मारामाऱ्या केल्या, गावात पहिली मोटारसायकल त्यांनीच आणली, आणि विवाहापूर्वी त्यांना एक मुलगीही झाली होती. १९३६ साली पवित्र गुरुवारी फ्रान्झिस्का या भाविक तरुणीशी त्यांचे लग्न लागले आणि ही जोडी रोमला जाऊन आली. पुढील चार वर्षांत तीन मुली झाल्या. शेत, गोठा, मुलीबाळी आणि चर्च एवढेच त्यांचे विश्व. १९४१ पासून ते आपल्या धर्मग्रामात चर्चसेवकाचे कामही करू लागले. असे गृहस्थ आपल्या प्रत्येक गावात सापडतील.

१९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि १० एप्रिलला त्या कृत्यावर जनतेचे मत घेतले. मत या शब्दाचा हा अर्थही लक्षात घेण्याजोगा आहे. साऱ्या गावात एकट्या फ्रान्झ यांनी विरोधात मत टाकले; गावच्या अधिकाऱ्यांनी ते दडपून शंभर टक्के होकार वर कळविला. म्हणजे मत म्हणून त्याची किंमत शून्यच ठरली. येथवर फ्रान्झ यांची गोष्टही एका वेगळ्या मताच्या माणसाची गोष्ट आहे, आणि वेगळ्या मताची माणसे जगात पुष्कळ असतात. परंतु हळूहळू ते मत त्यांच्या व्यवहारात उतरू लागले. पक्षाच्या निधीला ते पैसे देत ना; सरकारकडून मिळणारा कुटुंबभत्ताही त्यांनी नाकारला; गारपिटीने पिकांचे नुकसान झाले तेव्हाची मदतही घेतली नाही. गारपिटीनंतर हातात पडणारा पैसा नाकारणे म्हणजे काय, हे शेतकरी वाचकांना वेगळे सांगावयास नको. मत आपल्या खिशातून काही काढून घेत नाही. येथे मात्र खिशाला हात लागला होता.

१९४० साली त्यांना प्रथम लष्करात बोलाविण्यात आले. त्यांनी इतरांप्रमाणे शपथ घेतली, काही महिने शिक्षणही घेतले. गावच्या प्रमुखांच्या खटपटीने शेतीच्या कामासाठी त्यांना परत पाठविण्यात आले. या काळात त्यांचा निश्चय पक्का होत गेला: पुन्हा बोलावणे आले तर जायचे नाही, कारण हे युद्ध अन्यायाचे आहे आणि अन्यायाच्या युद्धात शस्त्र धरणे हे पाप आहे.

आता पुढचा भाग आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या मतावर अडून बसणारा माणूस दुसऱ्याला विचारीत नाही. विचारलेच तर अनुमोदन मिळवण्यासाठी विचारतो. फ्रान्झ यांनी मात्र जो भेटेल त्या जाणत्याला विचारले. आपल्या धर्मगुरूंना विचारले. पूर्वीचे धर्मगुरू कारोबाथ, ज्यांना प्रवचनातील उद्गारांमुळे सरकारने १९४० साली अटक करून गावाबाहेर घालविले होते, त्यांनाही विचारले. लिन्झचे बिशप फ्लीसर यांच्याकडे ते प्रश्नांची यादी घेऊन गेले. सर्वांचे उत्तर कमीअधिक एकच होते: तुम्ही कुटुंबवत्सल गृहस्थ आहात, युद्ध न्याय्य आहे की नाही हे ठरविण्याची जबाबदारी तुमची नाही, ती राज्यकर्त्यांची, तुम्ही आपल्या बायकामुलांचा विचार करा. बिशपांना भेटून ते खिन्न होऊन बाहेर पडले. आपण गुप्तहेर असू अशी भीती कदाचित त्यांना वाटली असावी, असे त्यांनी पत्नीला सांगितले. अधिकारपदावरील त्या धर्मपुरुषांवर त्यांनी राग धरला नाही. तीही हाडामांसाची माणसे आहेत, भिऊ शकतात, एवढे त्यांना कळत होते.

श्रद्धाळू कॅथलिक माणसासाठी याहून अवघड पेच नाही. ख्रिस्तसभेचे वडीलधारे एक सांगतात आणि विवेक दुसरे सांगतो. संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केला आहे. चुकलेल्या विवेकाविरुद्ध वागणे हेही पापच, असे त्यांचे म्हणणे. पण त्याचबरोबर, आपल्याच निष्काळजीपणामुळे विवेक चुकला असेल तर ती सबब चालणार नाही, असेही ते बजावतात. म्हणजे विवेकाचे ऐकायचे, पण त्याआधी त्याला शिकवायचे. फ्रान्झ यांनी हेच केले. शास्त्र वाचले, प्रार्थना केली, उपास केला, विचारले, ऐकून घेतले, आणि एवढे सारे झाल्यावरही आतला आवाज तोच राहिला. जे मत इतक्या अग्नीतून बाहेर पडूनही तसेच राहते, त्याला मत म्हणणे आम्हांला कठीण जाते.

२३ फेब्रुवारी १९४३ रोजी पुन्हा बोलावणे आले. १ मार्च रोजी एन्स येथील छावणीत हजर होऊन त्यांनी लढण्यास नकार दिला. जखमींची शुश्रूषा करण्यास मात्र आपण तयार आहोत असे कळविले. ते मान्य झाले नाही. लिन्झच्या आणि मग बर्लिन-टेगेलच्या तुरुंगात ते राहिले. तेथेच त्यांना कळले की फ्रान्झ रायनिश नावाच्या एका धर्मगुरूंनी हिटलरच्या निष्ठेची शपथ नाकारून १९४२ साली मरण पत्करले होते. त्यांना किती हायसे वाटले असेल! इतके दिवस ते एकटे होते. ६ जुलै रोजी मृत्युदंड सुनावण्यात आला. त्यानंतर फ्रान्झिस्का आणि धर्मगुरू फुर्टहाउअर बर्लिनला जाऊन त्यांना भेटून आले. ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रांडेनबुर्ग येथे त्यांचा शिरच्छेद करण्यात आला. वय ३६, थोरल्या मुलीला सहावे वर्षही पुरे झाले नव्हते.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे पुढे ठेवला पाहिजे. आपल्या समजुतीसाठी प्राण देणारे लोक अतिरेक्यांतही असतात. बाँब अंगाला बांधून गर्दीत शिरणाऱ्याचीही खात्री पक्की असते आणि तोही किंमत मोजतो. मग किंमत मोजली एवढ्यावरून ती श्रद्धा खरी, असे कसे म्हणावे? तसे म्हणता येत नाहीच. परंतु दोघांच्या हिशेबात एक फरक आहे. अतिरेकी आपल्या खात्रीची किंमत परक्या माणसांकडून वसूल करतो. फ्रान्झ यांनी जखमींच्या सेवेची तयारी दाखविली, सैन्यात गेलेल्या गावकऱ्यांना त्यांनी दोषी ठरविले नाही, आणि आपल्या वाटेने इतरांनी यावे असा आग्रह धरला नाही. ज्याचे मत असते त्याला अनुयायी हवे असतात. त्यावाचून त्याला करमत नाही.

तरी हिशेब येथे पुरता मिटत नाही. परक्यांकडून नसेल, पण पत्नीकडून आणि तीन मुलींकडून त्यांनी किंमत घेतलीच. युद्धानंतर गावकरी हेच म्हणत राहिले: हा माणूस धर्मवेडा होता, याने घरादाराचा विचार केला नाही. ज्यांचे मुलगे रणांगणावर पडले होते, त्यांना त्याचा नकार म्हणजे आपल्या मुलांच्या मरणावरची टीका वाटणे साहजिक होते. विधवेला मिळावयाचे निवृत्तिवेतन फ्रान्झिस्का यांना १९५० पर्यंत नाकारण्यात आले. बिशप फ्लीसर यांनी १९४६ साली धर्मप्रांताच्या पत्रकात फ्रान्झ यांच्यावरचा लेख छापू दिला नाही. कर्तव्य म्हणून लढता लढता पडलेले तरुण हेच थोर आदर्श, असे त्यांचे मत होते. कुटुंबप्रमुखाचे कर्तव्य आणि देवाची आज्ञा यांची गाठ अशी पडली की काय करावे, याचे सोपे उत्तर आमच्यापाशी नाही. जे आपली लेकरे पदराखाली घेऊन त्या शपथेला मान तुकवीत राहिले त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार, उबदार घरात बसून हे लिहिणाऱ्या आम्हांला तर मुळीच नाही.

पण एका साक्षीकडे दुर्लक्ष करता येत नाही, आणि ती फ्रान्झिस्का यांची. आरंभी त्यांनीही पतीला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. पुढे सारे आप्त आणि सारे गाव त्यांच्याविरुद्ध उभे ठाकलेले पाहिले, तेव्हा त्या त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. आपणही पाठ फिरवली तर त्यांच्यासाठी कोणीच उरणार नाही, असे त्यांना वाटले. किंमत ज्यांच्याकडून घेतली गेली, त्यांनी ती आपण होऊन दिली. संत पत्नीचे नाव पुस्तकांच्या शेवटच्या प्रकरणात टाकण्याची आपली जुनी खोड आहे. येथे ती सोडावी लागते. पतीच्या पश्चात शेत त्यांनीच कसले, मुली वाढविल्या, आणि पतीच्या मागे चर्चसेवकाचे कामही सांभाळले.

मानवी जीवनाचा अर्थ काय, या प्रश्नाकडे आता वळता येईल. आपण सामान्यतः अर्थ म्हणजे परिणाम समजतो. मुलगा इंजिनिअर झाला, बंगला बांधला, संस्था उभी केली, चार लोक नाव घेतात, म्हणून जीवन सार्थकी लागले. या मापाने फ्रान्झ यांचे जीवन अर्थहीन ठरते. त्यांच्या नकाराने युद्ध एक तासही लवकर संपले नाही. त्यांच्या जागी दुसरा कोणी शिपाई गेला असेल. त्यांचे नावसुद्धा विसरले गेले असते. गॉर्डन झान नावाचे एक अमेरिकन समाजशास्त्रज्ञ दुसऱ्याच विषयावर संशोधन करीत असताना त्यांना ही हकीकत योगायोगाने सापडली आणि त्यांनी १९६४ साली त्यावर पुस्तक लिहिले. योगायोग घडला नसता तर? आम्हांला वाटते, तरीही त्या जीवनाच्या अर्थात रतीभर उणे झाले नसते. जीवन हे कोणाला तरी दिलेले उत्तर आहे. ते उत्तर ज्याला दिले त्याने ऐकले की पुरे. बाकीच्यांच्या कानांवर ते पडणे न पडणे हा इतिहासाचा भाग. अर्थात हे आमचे मत आहे, आणि वरील कसोट्या लावू जाता ते अजून मतच राहते. त्यासाठी आम्ही काही गमावलेले नाही.

या कथेचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. १९३७ ते १९५० या काळात मुंबईचे आर्चबिशप असलेले येशूसंघीय थॉमस रॉबर्ट्‌स यांनी, पद सोडल्यानंतर, दुसऱ्या व्हॅटिकन महासभेपुढे फ्रान्झ येगरश्टेटर यांचे उदाहरण मांडले आणि विवेकाच्या कारणास्तव शस्त्र नाकारणाऱ्यांची ख्रिस्तसभेने दखल घ्यावी असा आग्रह धरला. वसईची जुनी पिढी रॉबर्ट्‌स यांना आपलेच बिशप म्हणून ओळखे, कारण वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ साली झाला. ७ डिसेंबर १९६५ रोजी महासभेने जो दस्तऐवज प्रसृत केला, त्यात अशा माणसांसाठी माणुसकीचे कायदे असावेत असे म्हटले आहे. ज्या शेतकऱ्याला एका बिशपांनी घरी पाठविले, त्याची बाजू दुसऱ्या बिशपांनी जगातील सर्व बिशपांपुढे मांडली. आपल्या ख्रिस्तसभेत हे दोन्ही होते.

बर्लिनच्या न्यायालयाने १९९७ साली तो मृत्युदंड रद्दबातल ठरविला. २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिन्झच्या कॅथेड्रलमध्ये फ्रान्झ यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. त्या समारंभाला ९४ वर्षांच्या फ्रान्झिस्का उपस्थित होत्या. पुढे २०१३ च्या मार्च महिन्यात, वयाची शंभर वर्षे पुरी करून थोड्याच दिवसांत त्या वारल्या. वैधव्याचे तेव्हा सत्तरावे वर्ष चालू होते.